जाळीखालचा निकाल

प्रिय ताई,

तू अक्षर लावत लावत वाचतेस, म्हणून मोठं आणि सुटं लिहिते आहे. क्रेटची गाडी उद्या सकाळी तुमच्या बाजूला येणार आहे, चालकाच्या हाती हे पाकीट देईन. आधी तू एकटीने वाच, मग अप्पांना वाचून दाखव. फोन का नाही केला, असं तू विचारशीलच. केला होता. मंगळवारी एकदा आणि काल दोनदा. तिन्ही वेळा तू पहिल्याच वाक्याला "जेवलीस का? आवाज असा का येतोय?" असं विचारलंस आणि मी "जेवले, सर्दी झालीय" म्हणून फोन ठेवून दिला. सर्दी झालेली नाही. जेवले होते, तेवढं खरं.

माझ्या कामाची खोली तू पाहिलेली नाहीस. एक खिडकी, एक बेसिन, पत्र्याचं लांब टेबल आणि भिंतीला लावलेलं फळांचं एक जुनं चित्र, ज्यातली द्राक्षं चुकीच्या रंगाची आहेत. बागांमधून मण्यांच्या पिशव्या येतात. मी मणी चुरडते, रस गाळते, त्याचा एक थेंब यंत्राच्या काचेवर टाकते आणि डोळा लावून गोडीचा आकडा वाचते. सतराच्या वर गेला तर माल घेतात, खाली राहिला तर गाडी आल्या वाटेने परत जाते. दोन थेंबांच्या मध्ये काच एकदा धुवायची असते. मी तीनदा धुते. गोदामातले लोक मला 'काचवाली' म्हणतात. तू मला 'मास्तरीण' म्हणतेस, त्यापेक्षा हे नाव मला शोभतं. आपल्या घरात मी एकटीच शाळेत टिकले, त्यामुळे मला सतत असं वाटत असतं की माझ्या हातून एक जरी आकडा चुकला तर कोणीतरी येऊन म्हणेल, चल, ऊठ, ही जागा तुझी नव्हतीच.

ताई, तुला आठवतं का, अप्पा आणि आई दुसऱ्यांच्या बागेत तोडणीला जायचे, तेव्हा आपण दोघी ओळीच्या टोकाला पोत्यावर बसायचो. माझी शाळा सुरू झाली होती आणि तुझी चौथीतच संपली होती, कारण मला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. तू वेलाखाली शिरायचीस आणि मुठीत मणी घेऊन यायचीस. एकेक मणी फ्रॉकला पुसून माझ्या तोंडात घालायचीस. प्रत्येक मणी गोड असायचा. एकही आंबट नाही. मला वाटायचं, द्राक्ष हे फळच तसं आहे. पुढे कळलं की तू घडाच्या वरच्या खांद्यावरचे, उन्हाच्या बाजूचे, किंचित पिवळसर डाग पडलेले मणी शोधून काढायचीस. त्याला तू 'लाडका मणी' म्हणायचीस. घडाच्या शेंड्याचे, सावलीतले, कडक हिरवे मणी तू स्वतः खायचीस. "मला आंबटच आवडतं," असं म्हणायचीस. मी ते खरं मानलं. मोजून बघावं असं कधी वाटलंच नाही.

हे सगळं आजच का आठवतंय, ते सांगते. पण मला थोडं मागून यावं लागेल, नाहीतर मी मधलंच काहीतरी गाळून जाईन.

दोन वर्षांपूर्वी गारा पडल्या. अप्पांनी पुढे कष्टाने उभी केलेली आपली सगळी बाग अर्ध्या तासात जमिनीवर आली. त्यानंतर मी काम करते त्या द्राक्ष केंद्राने जाळीचा प्रयोग करायचं ठरवलं. बागेवर दाट जाळी घातली तर गारांपासून, पाखरांपासून आणि करपवणाऱ्या उन्हापासून बचाव होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न वेगळा होता. जाळी ऊन अडवते. मग मण्यात साखर भरते का? कोणाची तरी बाग हवी होती आणि कोणीच तयार नव्हतं. तू तयार झालीस. मला नंतर कळलं की मी त्या प्रयोगावर आहे, हे ऐकल्यावर तू हो म्हणालीस. चोवीस ओळींपैकी बारांवर काळी जाळी, बारा उघड्या. शेजारचे निवृत्त पोस्टमन कुंपणावरून म्हणाले, "बागेला मच्छरदाणी लावलीत? तुमच्या द्राक्षांना डास चावतात वाटतं!" तू म्हणालीस, "डास तुमच्याकडे पाठवलेत. पाखरांचं पोट भरलं की तेही येतील." मी ते केंद्रात सगळ्यांना सांगितलं होतं. मला तुझा फार अभिमान वाटला होता.

नमुने घ्यायचा नियम सोपा आहे. ठरलेले घड घ्यायचे आणि प्रत्येक घडाचे मणी वरून, मधून, शेंड्यातून, उन्हाच्या आणि सावलीच्या अशा दोन्ही बाजूंनी काढायचे. गोड-आंबट बघायचं नाही. हाताला जे येईल ते. उघड्या बारा ओळींचे मणी मी तसेच काढले. मग आपण जाळीकडे आलो. जाळी खाली तारेला चिमट्यांनी घट्ट लावलेली होती. आत शिरायचं तर एकाने ती उचलून धरायची आणि दुसऱ्याने सरपटत जायचं. माझ्या हातात वही, पेन, पिशव्या आणि चिठ्ठ्या. तू म्हणालीस, "तू कपडे कशाला मळवतेस? तू लिही. मी काढते." आणि गेलीस. मी जाळी धरून उभी राहिले. दर ओळीला तू बाहेर यायचीस, केसांत पानांचा चुरा, हातात भरलेली पिशवी. मी चिठ्ठी लावायचे. आठव्या ओळीला, नाही, नवव्या, तू पिशवी माझ्या हातात देऊन म्हणालीस, "बघ, एकसुद्धा वाईट नाही घातला."

हे वाक्य मी ऐकलं होतं, ताई. चांगलं स्पष्ट ऐकलं होतं. आणि चिठ्ठीवर 'ओळ नऊ' लिहिलं होतं.

आकडे आले. उघड्या ओळी सरासरी साडेसतरा, जाळीखालच्या जवळजवळ अठरा. शिवाय जाळीखालच्या बाराही ओळींत फरक म्हणून नाही. सतरा पॉइंट नऊ, अठरा, सतरा पॉइंट आठ. मी खूश झाले. माझ्या पहिल्या अहवालात मी लिहिलं, 'जाळीमुळे गोडी घटत नाही, उलट घड एकसारखे पिकतात.' ते वाक्य मी सात वेळा वाचलं, शुद्धलेखनासाठी. मी तुला फोन केला तेव्हा तू विचारलंस, "लागला का निकाल?" मी म्हटलं, लागला, छान आला. तू म्हणालीस, "पास झालीस ना? मला माहीत होतं!" आणि अप्पांना ओरडून सांगितलंस, "मास्तरीण पास!" मी हसले. मला वाटलं, तू गंमत करतेस.

ते वाक्य पुढे जाळी विकणाऱ्याने आपल्या जाहिरातीच्या कागदावर छापलं. 'जाळी घाला, काळजी विसरा', आणि त्याखाली माझं वाक्य, केंद्राच्या नावासह. या हंगामात सदतीस बागांवर काळी जाळी चढली. तुझ्या उरलेल्या बारा ओळींवरही. पोस्टमनकाकांनीसुद्धा मच्छरदाणी लावली. मला रस्त्यात भेटले की म्हणायचे, "तुझ्या भरवशावर झोपतो बरं का आम्ही."

गेल्या तीन आठवड्यांपासून त्या बागांच्या पिशव्या येताहेत. मणी टपोरे आहेत, साल नितळ आहे, करपलेला एक नाही, पाखराने टोचलेला एक नाही. पाहणाऱ्याने खूश व्हावं. आणि आकडा चौदा. साडेचौदा. चौदा. ज्यांनी जाळी लावली नाही, त्यांचा सतराला टेकला. केंद्राचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "यंदा हवा ढगाळ आहे, चढेल." पण ढग काय जाळी बघून येतात? मी यंत्र बदलून पाहिलं. काच पाच वेळा धुतली. मग गेल्या वर्षीची वही काढली आणि पहिल्यांदा माझी मलाच लाज वाटली. उघड्या ओळींचे आकडे पंधरापासून एकोणीसपर्यंत विखुरलेले होते, जसे असायला हवेत. जाळीखालचे सगळे एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. इतके शहाणे मणी कुठल्या वेलावर असतात? जे पाहून मला शंका यायला हवी होती, त्यालाच मी 'एकसारखे पिकतात' असं नाव दिलं होतं. आणि गेल्या वर्षी तोडणीला मजूर उशिरा मिळाले, तोवर गोडी चढली आणि चोवीस ओळींचा माल एकत्र मिसळून एकाच गाडीत गेला, त्यामुळे चूक तेव्हाही झाकली गेली.

आता जे लिहिते ते वाचून तुला राग येईल. मंगळवारी तू अप्पांना डोळे दाखवायला घेऊन गेली होतीस, तेव्हा मी बागेत आले होते. तू नसशील हे मला माहीत होतं, म्हणूनच आले. कुत्रं भुंकलं नाही, उलट शेपटी हलवत मागे आलं, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मी चिमटे काढले आणि पोटावर सरपटत आत गेले. आत केवढा वेगळा उजेड असतो, ताई. भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखा. तू तिथे रोज काम करतेस आणि मी त्या उजेडाबद्दल अहवाल लिहिला, एकदाही आत न जाता. दहा घडांचे मणी मी नियमाने काढले, हाताला येतील तसे. तिथेच मातीत बसून रस काढला. चौदा पॉइंट सहा. मग त्याच दहा घडांचे फक्त खांद्यावरचे, उन्हाच्या बाजूचे, पिवळसर डागाचे मणी काढले. लाडके मणी. सतरा पॉइंट नऊ. गेल्या वर्षीचाच आकडा. जाताना चिमटे नीट लावले. तिसऱ्या खांबाजवळचा एक चिमटा तुटला, तो माझ्याकडून तुटला. वाऱ्याने नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट मनात फिरते आहे. तू हे मुद्दाम केलंस का? पहिल्या दिवशी मला तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, हिला बागेचं भलं करायचं होतं आणि त्यासाठी हिने मला वापरलं. रात्री अंथरुणावर तो 'निकाल' शब्द आठवला आणि राग कुठल्या कुठे गेला. आपल्या घरात निकाल एकाच गोष्टीचा लागायचा, माझ्या परीक्षेचा. दर वर्षी तू शाळेच्या फाटकाबाहेर उभी असायचीस आणि मी बाहेर आले की आधी माझ्या तोंडाकडे बघायचीस. मी म्हटलं असेन, ताई, प्रयोगाचा निकाल बारा ओळींवर अवलंबून आहे. तू ऐकलंस की धाकटीची परीक्षा आहे. मग तू परीक्षेला बसलेल्या बहिणीला कडक हिरवे मणी कसे देशील? प्रयोगात नापास होणं हेही उत्तर असतं, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. सांगायचं सुचलं नाही, कारण मला स्वतःलाही ते फक्त पुस्तकापुरतं कळलं होतं. पास होण्यापलीकडे मला तरी दुसरं काय येतं?

काल सरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. दार लोटून घेतलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, हवामानावर ढकल. 'ढगाळ हवेत जाळीखाली पक्वता लांबते' असं एक वाक्य लिही, खोटंही नाही ते. अहवालातल्या एका ओळीसाठी स्वतःचं आणि बहिणीचं नाव कशाला घालवतेस? लोक म्हणतील, बहिणी-बहिणींनी मिळून जाळी विकली." माझी नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची आहे, त्याचीही त्यांनी आठवण करून दिली, धमकी म्हणून नव्हे. मी घरी येऊन ते वाक्य लिहून पाहिलं. चांगलं वाक्य आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. आणि तेच वाचून सगळे जाळी तशीच ठेवून नेहमीच्या तारखेला तोडणी सुरू करतील, कारण हवामान काय, तोवर उघडेल, असं माणूस म्हणतोच. द्राक्ष केळ्यासारखं घरात ठेवून पिकत नाही. वेलावरून एकदा तुटलं की जितकं गोड तितकंच. सदतीस बागांच्या गाड्या दारातून परत जातील, आणि पहिली गाडी आपली असेल.

ज्यासाठी हे लिहायला बसले ते आता लिहिते. सोमवारी सकाळी केंद्रात तोडणीची तारीख ठरवायला सगळे बागायतदार जमणार आहेत. तिथे मी उभी राहून गेल्या वर्षीचा अहवाल चुकला होता असं वाचून दाखवणार आहे. त्यात हे वाक्य आहे: 'जाळीखालचे मणी बागेच्या मालकीणबाईंनी काढून दिले, ते मी स्वतः, नियमाने काढायला हवे होते, ही चूक माझी आहे.' पहिला भाग गाळायचा मी खूप प्रयत्न केला, ताई. तीन कागद फाडले, नाही, चार. तो गाळला की चूक कशी झाली तेच कळत नाही, आणि मग पुढचा कोणीतरी पुन्हा जाळी धरून बाहेर उभा राहील. तुझ्याकडे लोक वळून बघतील. पोस्टमनकाका काहीतरी बोलतील. यायचं की नाही ते तू ठरव, पण हे तुला भर सभेत माझ्या तोंडून पहिल्यांदा कळावं, असं मला नको होतं. जाळी वाईट नाही, हेही मी सांगणार आहे. गारा आल्या तर तीच वाचवेल. फक्त आपल्याला थांबावं लागेल, दहा-बारा दिवस तरी, आणि जाळीची सकाळच्या उन्हाकडची बाजू गुंडाळून वर बांधून घडांसमोरची पानं विरळ करावी लागतील. ते तू उद्याच सुरू कर, माझी वाट बघू नकोस. थोडे मणी पाखरं खातील. खाऊ देत.

मी रविवारी सकाळी पहिल्या गाडीने येते. सोमवारी वाचायला नवे आकडे हवेत. या वेळी जाळीखाली मी जाईन आणि तू बाहेर वही घेऊन उभी राहशील. अक्षर वाईट आहे म्हणू नकोस, मला आकडे हवेत आणि आकडे तुला चौथीपर्यंत पुरेसे शिकवलेले आहेत. मी यंत्राला डोळा लावून ओरडेन तोच आकडा लिहायचा. कमी आला तर माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, हात थांबवायचा नाही, माझ्यासाठी अर्धा सुद्धा वाढवायचा नाही. आणि काम झालं की दोघी पोत्यावर बसू. त्या वेळी मला शेंड्याचे मणी दे, सावलीतले. ते चवीला कसे असतात ते मला अजून माहीत नाही, आणि तुला ते खरंच आवडायचे का, हेही मला विचारायचं आहे.

तुझीच,
मास्तरीण